मंदिराबाहेरचा कट्टा

एफ्रम, युटा
६ एप्रिल २०१४, रविवार

प्रिय रूलन,

तू आणि बार्बरावहिनी बरी असाल असं धरून चालतो. आम्ही बरे आहोत. जर्दाळूला मोहोर आला आणि परवाच्या थंडीनं निम्मा झडला, म्हणजे सगळं नेहमीसारखं.

‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द मला केवढ्याला पडले ते आधी मांडतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. गेलं ते असं: आपल्या चर्चच्या मंदिरात जायचं कार्ड, ज्याच्याविना आत सोडत नाहीत. रविवारचा प्रौढांचा वर्ग, जो मी अकरा वर्षं शिकवत होतो. बोअर खणायची ठरलेली दोन कामं, दोन्ही आमच्या केनाच्या होणाऱ्या सासरच्या नात्यातली. न्याहारीच्या वेळचं जॅनीलचं बोलणं. आणि सात जूनला टेकडीवरच्या मंदिरात केनाचं लग्न लागेल तेव्हा तिच्या आईशेजारची माझी खुर्ची. आलं ते असं: केळ्याचे पाव नऊ, गाजर घातलेली हिरवी जेली चार भांडी, आणि चीज घातलेले बटाटे तीन ट्रे. रूलन, हे बटाटे आपण मयताच्या घरी नेतो. तिसरा ट्रे घेऊन शेजारची वांडा आली तेव्हा मी म्हटलं, ‘‘सिस्टर, अजून आहे मी.’’ ती म्हणाली, ‘‘हो ना, ब्रदर मॉर्टेन्सन. म्हणूनच लवकर आणले.’’

एकोणीस वर्षांत आपण एकमेकांना पत्र लिहिलेलं नाही. नाताळची कार्डं आपल्या बायकांनी लिहिली आणि आपण खाली सह्या ठोकल्या. फोनच करणार होतो. पण फोनवर मी फार बोलतो, तू बोलतच नाहीस, आणि फोन ठेवल्यावर मला उगाच वाटत राहतं की मी जिंकलो.

आज चर्चच्या परिषदेचा रविवार, दिवसभर भाषणं. जॅनील टीव्हीसमोर वही घेऊन बसलीय, आणि मी दुकानाच्या ऑफिसात पाइपांच्या संगतीत.

झालं ते असं. वर्गाची तयारी करताना मी आपल्याच चर्चच्या संकेतस्थळावर एक लेख वाचला. लहानपणी भिंतीवर चित्र होतं ना आपल्या, चर्चचे संस्थापक सोन्याच्या पत्र्यांवर बोट ठेवून वाचताहेत? लेखात म्हटलंय, आपला धर्मग्रंथ बराचसा त्यांनी टोपीत एक दगड ठेवून, टोपीत तोंड घालून सांगितला. मग मी आणखी खोल गेलो, सवयच आहे. तो दगड म्हणे एक विहीर खणताना सापडला होता. आता बघ, पस्तीस वर्षं मी या खोऱ्यात काठी हातात धरून पाणी शोधणाऱ्यांना हसत आलोय. माझं एकच भूषण आहे आणि ते मी ट्रकच्या दारावर रंगवून घेतलंय: ‘ठाऊक असेल तेवढंच सांगतो.’ पाणी आहे हे मला ठाऊक नसताना आहे म्हणून मी आजवर एका माणसालाही सांगितलेलं नाही. खोऱ्यात कुणालाही विचार.

कार्डाची मुदत फेब्रुवारीत संपली, तेव्हा नव्या सहीसाठी बिशपकडे गेलो. आता बिशप व्हायची पाळी कोल्बी आयव्हरसनची आहे, त्या पलीकडच्या गल्लीतल्या आयव्हरसनांचा. छत्तीस वर्षांचा. एरवी दातांना तारा बसवतो. केनाच्या दातांना त्यानंच बसवल्या. पोरगा सरळ आहे. प्रश्नांचा कागद समोर धरून त्यानं विचारलं, ‘‘हे चर्च खरं आहे अशी तुमची साक्ष आहे?’’

‘‘आशा आहे,’’ मी म्हटलं.

त्यानं कागद खालीवर पाहिला, जसा काही तिथं ‘आशा’ म्हणून रकाना असेल.

‘‘म्हणजे माहीत आहे, असंच ना?’’

‘‘मला माहीत नाही.’’

‘‘पण माहीत व्हावं असं वाटतं?’’

‘‘कोल्बी, वाटायला मला गुडघासुद्धा नवा मिळावासा वाटतो.’’

तो हसला नाही. पेनाला टोपण लावलं. आपण पाच पिढ्यांचे मॉर्मन, तुला काय सांगायचं. आपल्यात पोर बोबडं बोलायला लागलं की महिन्याच्या पहिल्या रविवारी आई त्याला माईकसमोर उचलून धरते, कानात सांगते आणि ते म्हणतं, ‘‘मला माहीत आहे, हे चर्च खरं आहे.’’ ‘आशा आहे’ म्हणणारं पोर मी अजून पाहिलेलं नाही. एकसष्टाव्या वर्षी मी ते म्हटलं आणि सगळ्यांनी बटाटे उकडायला घातले.

जॅनीलचं म्हणणं सोपं आहे. ‘‘दोन मिनिटांचं काम आहे, आर्डन. हो म्हण आणि बाहेर ये.’’

‘‘पुढे एक प्रश्न आहे, व्यवहारात प्रामाणिक आहात का म्हणून.’’

‘‘त्यालाही हो म्हण.’’



बिशपच्या त्या खोलीतल्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर मी बसलेलो आहे, ते तुला ठाऊकच आहे. असो. हे सगळं तुलाच का लिहितोय, मला माहीत नाही. बघ, परत तेच तीन शब्द. या वेळी फुकट.

तुझा,
आर्डन


एफ्रम
१९ मे २०१४

प्रिय रूलन,

तुझं पोस्टकार्ड पोचलं. ‘बटाटे खाल्लेस का?’ एवढंच लिहायला एल्कोहून तिकीट लावलंस, धन्य आहे. खाल्ले. तीनही ट्रे.

इकडे मी दोन्ही बाजूंनी वैतागलोय. जॅनीलनं मंदिरातल्या प्रार्थनेच्या यादीत माझं नाव घातलंय. तिच्या बहिणीनं दुसऱ्या मंदिरात घातलं. विहीणबाईंनी तिसऱ्यात. मागे पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा एकाच मंदिरात होतं. वर्गात माझ्या जागी ज्याला नेमलं तो मला गाठून म्हणतो, ‘‘ब्रदर, काय पाप घडलंय ते सांगून टाका, मोकळं वाटेल.’’ मी म्हटलं, ‘‘वाचन.’’ त्याला वाटलं मी काही घाणेरडं वाचत होतो. ‘‘यातून बाहेर पडायला मदत मिळते हल्ली,’’ म्हणाला, अगदी खांद्यावर हात ठेवून.

आणि जे सोडून गेलेत ते निराळेच. पंपाचे सुटे भाग घ्यायला गेलो तर काउंटरवरच्या माणसानं इकडे तिकडे बघून आपल्याला वर्ज्य असलेल्या कॉफीचा कप माझ्यापुढे सरकवला आणि कानात म्हणाला, ‘‘या, आपल्यात स्वागत आहे.’’ त्याला मी पंचवीस वर्षं ओळखतो. कॉफी मी घेतली, कारण नाही म्हटलं असतं तर तोही दुखावला असता. कडू. यासाठी लोक देव सोडतात? मग त्यानं मला पाऊण तास सांगितलं की मी किती चिडायला हवं. ‘‘तुम्हाला फसवलंय. राग येत नाही तुम्हाला?’’ मी म्हटलं, येतो, पण तो पाऊण तासाचा. यांचीसुद्धा साक्षच असते, रूलन, फक्त उलटी. यांनाही सगळं माहीतच असतं.

केना प्रोव्होहून आली होती. ऑफिसात आली, दार लावलं, माझ्या टेबलावर चढून बसली, सहा वर्षांची असताना बसायची तशी.

‘‘बाबा, आई म्हणते तू हट्ट करतोयस.’’

‘‘आई म्हणते म्हणजे आहेच.’’

‘‘मस्करी नको. मी ब्राइसला विचारलं, आधी बागेत साधं लग्न लावू, बाबा येईल, मग मंदिरात जाऊ. तर नियमाप्रमाणे मंदिरासाठी वर्षभर थांबावं लागतं. त्याच्या घरी हे नुसतं बोलले तर त्याची आई दोन दिवस जेवली नाही. लोक म्हणतील, यांना वर्षभर का थांबवलं, काय केलं असेल यांनी.’’

‘‘थांबू नका,’’ मी म्हटलं.

‘‘मग तू खोटं बोलून आत येणार?’’

‘‘तुझी आई म्हणते दोन मिनिटांचं काम आहे.’’

ती पाय हलवायला लागली. मग म्हणाली, ‘‘मला खोटं बोलून आत बसलेला बाबा नको. आणि बाहेर बसलेला बाबासुद्धा नको. आता तूच सांग, मी काय करू?’’

 तिनं टेबलावरचा स्टेपलर सरळ ठेवला आणि गेली.

मग मी ठरवलं, बोलायचं खोटं. एका लेकीसाठी एकदा. आठवडाभर ट्रक चालवताना काचेकडे बघून ‘हो’ म्हणायचा सराव केला. साक्ष आहे? हो. माहीत आहे? हो. मोरोनी गावाच्या रस्त्यावर तर इतकं छान जमलं की माझाच विश्वास बसला.

काल कोल्बीकडे गेलो. तेच टेबल. आपल्या वेळचंच आहे, डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेला. तुला आठवत असेल. पुढे जातो.

त्यानं विचारलं, मी हो म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा हो. पोराचा चेहरा असा उजळला की बघवेना. मग तो त्या प्रश्नापाशी आला. ‘‘तुम्ही व्यवहारात प्रामाणिक आहात का?’’ वाचलं आणि स्वतःच हसला. ‘‘हे काय तुम्हाला विचारायचं, ब्रदर मॉर्टेन्सन? आमच्या बाबांची बोअर तुम्ही दोनशे फुटांवर थांबवलीत. म्हणालात, पुढे पाणी असेल असं मला ठाऊक नाही, उगाच पैसे घालू नका. बाबा अजून सांगतात.’’ आणि पेनाचं टोपण काढलं.

त्यानं नुसता प्रश्न विचारला असता ना, तर मी तिसरं हो म्हणून मोकळा झालो असतो. माझी तयारी होती. पण त्यानं विचारलंच नाही. माझ्या वतीनं तोच उत्तर देऊन बसला.

‘‘थांब, कोल्बी,’’ मी म्हटलं. ‘‘आधीची दोन्ही काढून टाक.’’

‘‘कोणती दोन्ही?’’

‘‘हो.’’

त्याला समजायला जरा वेळ लागला. मग तो खाली मान घालून म्हणाला, ‘‘माझ्या हातात असतं तर...’’ मी म्हटलं, ‘‘ठाऊक आहे. मीही बिशप होतो तेव्हा तिथं बसून हेच म्हणायचो.’’

घरी जॅनील व्हरांड्यातच उभी होती. माझं तोंड बघून काही न विचारता आत गेली. तेव्हापासून ती माझे शर्ट इस्त्री करते आणि माझ्याशी बोलत नाही. शर्टाला अशी कडक घडी लग्न झाल्यापासून पाहिली नव्हती.

सात जूनला, शनिवारी, अकराला आहे. तू यावंस म्हणून लिहीत नाही. एल्को लांब आहे, तुझ्या पाठीला इतकं बसणं झेपायचं नाही, आणि तुलाही आत सोडणार नाहीत. नुसतं सांगून ठेवतो.

तुझा,
आर्डन


एफ्रम
९ जून २०१४, सोमवार

प्रिय रूलन,

लग्न झालं. केना छान दिसली. ब्राइसच्या टायची गाठ शेवटपर्यंत वाकडी होती. जेवणाला बटाटे होते, तेच. पण या वेळी प्रसंग बरा होता.

तू आला नाहीस. मी बोलावलंच कुठं होतं म्हणा. तरी पार्किंगमध्ये तुमच्या नेवाडाच्या पाटीची गाडी शिरली की मान वळायची. दोन आल्या. एकीतून नवरदेवाची मावशी उतरली. दुसरीतले लोक रस्ता विचारायला थांबले होते.

दहा वाजता सगळे आत गेले. जॅनील शेवटची. दारापर्यंत गेली, परत आली, माझी कॉलर नीट केली आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा बोलली. ‘‘टोपी घाल. ऊन आहे.’’ मग गेली.

बाहेर मी आणि सात पोरं. लहान मुलांनाही आत नेत नाहीत हे मी विसरूनच गेलो होतो. नवरीचा बाप रिकामाच आहे म्हटल्यावर विहीणबाईंनी गोड हसून सगळी माझ्या हवाली केली. दक्षिणेच्या अंगाला, पार्किंगलगत तो कमरेएवढा दगडी कट्टा आहे, त्यावर ओळीनं बसलो. चुरमुऱ्याचे चिकट चौकोन होते डब्यात, ते पहिल्या दहा मिनिटांत संपले. पाच-सहा वर्षांची एक पोर, समोरचे दोन दात पडलेले, माझ्याकडे टक लावून बघत होती.

‘‘तुम्ही आत का नाही गेलात?’’

‘‘मला आत घेत नाहीत.’’

‘‘तुम्ही लहान आहात?’’

‘‘नाही.’’

‘‘मग तुम्ही काय केलंत?’’

‘‘मला एक गोष्ट विचारली. मी म्हटलं, मला माहीत नाही.’’

तिनं विचार केला. ‘‘मग आईला विचारायचं,’’ म्हणाली.

दोन तास बसलो. त्या कट्ट्याचा दगड अकरानंतर तापतो. मागे झाड आहे, पण त्याची सावली गाड्यांवर पडते, माणसावर नाही. एवढी वर्षं मी त्या मंदिरात जा-ये करतोय आणि हे मला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक आहे.

तुझ्या कोडीच्या लग्नाला ऑगस्ट होता.

सव्वाबाराला दार उघडलं. सगळ्यांच्या आधी व्याही बाहेर आले, गार्न हॅफेन. पांढरा शर्ट, पाणावलेले डोळे, भला माणूस. सरळ माझ्याकडे आले, दोन्ही हातांत माझा हात धरला आणि म्हणाले, ‘‘आत फार सुंदर झालं, आर्डन.’’

मी आभार मानले.  आणि हात त्यांच्या हातात असतानाच मला तुझा हात आठवला. एकोणीस वर्षांपूर्वी मी त्याच दारातून बाहेर आलो होतो. तू त्याच कट्ट्यावर होतास, कोट काढून मांडीवर घेतलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. मी तुझा हात असाच धरला आणि हेच म्हणालो. आत फार सुंदर झालं, रूलन. तुझ्या मुलाचं लग्न कसं झालं ते मी तुला सांगत होतो. तू काय म्हणालास? ‘‘बरं झालं.’’ आणि गाडीकडे गेलास. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आधी तुम्ही एल्कोला गेलात. लोकांना मी सांगत राहिलो की तुला तिकडे खाणीत काम मिळालं.

केना बाहेर आली ती फोटोवाल्याला चुकवून आधी माझ्याकडे. ‘‘कंटाळलास?’’ तिनं विचारलं. ‘‘छे,’’ मी म्हटलं, ‘‘सात पोरं होती.’’ ती हसली आणि डोळ्यांतलं काजळ गालावर आलं, आणि फोटोवाला ओरडला. एवढं मला मिळालं. तुला तेवढंही मिळालं नाही, कारण मी तुझ्या आणि कोडीच्या मधोमध उभा राहून तुला सगळं समजावून सांगत होतो.

तीन पत्रं मी या गोष्टीच्या कडेकडेनं फिरतोय, आणि तू हुशार आहेस, पोस्टकार्डावर फक्त बटाटे विचारलेस. तर आता लिहितो.

पंचाण्णवच्या जुलैत तू माझ्यासमोर त्या टेबलापलीकडे बसलास. थोरला भाऊ, ज्यानं मला गाडी चालवायला शिकवलं. तो धाकट्याला ‘‘बिशप’’ म्हणून हाक मारत होता, आणि मी मारू देत होतो. मी तोच प्रश्न विचारला. तू म्हणालास, ‘‘मला माहीत नाही, आर्डन. आशा आहे.’’ शब्द न शब्द. फेब्रुवारीत मी कोल्बीसमोर जे बोललो, ते मला वाटलं होतं माझंच आहे. ते तुझं होतं. मी तुझ्या कार्डावर सही केली नाही. त्याच महिन्यात आणखी एकाच्या कार्डावर केली. नाव लिहीत नाही, बिशपनं ऐकलेलं बाहेर जात नाही. तो धडधडीत खोटं बोलत होता, त्यालाही ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. पण त्यानं सगळ्याला हो म्हटलं. तो तुझ्या मुलाच्या लग्नात आत बसला होता, दुसऱ्या रांगेत.

एवढंही मी स्वतःला माफ केलं असतं. नियम होता, माझा नव्हता, असं म्हणता येतं, कोल्बीही म्हणेल. पण तू उठलास तेव्हा दारात थांबून मला एक विचारलंस. ‘‘तुला खरंच माहीत आहे, आर्डन?’’ बिशपला नाही विचारलंस, मला विचारलंस. आणि मी छातीवर हात ठेवून, डोळ्यांत पाणी आणून तुला सांगितलं, ‘‘मला रोमारोमानं माहीत आहे.’’ तू मान हलवलीस. मला वाटतं तू विश्वास ठेवलास. तुला वाटलं असणार, खोट तुझ्यातच आहे.

ट्रकच्या दारावरची अक्षरं मी अजून खरवडलेली नाहीत. गिऱ्हाइकांच्या बाबतीत ती खरी आहेत.

रूलन, तेव्हाही मला माहीत नव्हतं.

तुझा धाकटा भाऊ,
आर्डन